वाइस शोधायचाय? मग चरित्र नंतर, आधी वही उघडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही नाशिकला क्लासिकल गिटार शिकताय, अठराव्या शतकातला जर्मन ल्यूटवादक-संगीतकार सिल्वियस लेओपोल्ड वाइस याचा डी मेजरमधला पासाकाय (खाली फिरत राहणाऱ्या एकाच बासवर उलगडणारा तुकडा) बसवताय, डिसेंबरात छोटा कार्यक्रम आहे आणि पत्रिकेत त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्यात. म्हणून नेटवर बसलात तर एका ठिकाणी जन्म १६८६ आणि दुसऱ्या ठिकाणी १६८७, एका पीडीएफवर 'सुइट १४' आणि दुसऱ्यावर '१८.६', आणि दोन्हीकडे तुकडा मात्र तोच. जर्मन येत नाही, परदेशी पुस्तकं परवडत नाहीत, तर घरबसल्या भरवशाचं काय आहे, असं तुमचं म्हणणं.

मी पुण्यात वीसेक वर्षं गिटार शिकवतोय आणि त्यातली गेली तेरा-चौदा वर्षं बरोक ल्यूटच्या, म्हणजे वाइसच्या काळातल्या त्या बऱ्याच तारांच्या, गिटारसारख्या छेडायच्या वाद्याच्या नादी लागलोय. संशोधक वगैरे नाही, वाजवणारा माणूस. पण वाइस वाजवायचा तर थोडं खोदकाम करावंच लागतं, दुसरा इलाज नाही, कारण या माणसाचं छापील असं जवळजवळ काही नाहीच. हयातीत त्याचा फक्त एक तुकडा छापला गेला, संगीतकार टेलेमानच्या १७२८ च्या संगीत-नियतकालिकात, एक प्रेस्टो, म्हणजे द्रुत लयीतला तुकडा. बस. सहाशेच्या वर तुकडे हातानं लिहिलेल्या वह्यांमधून उरलेत, आपल्याकडे जुन्या घरात बाडं सापडतात ना, कुणीतरी आवडीनं उतरवून ठेवलेली, एका बाडात पंचवीस अभंग, दुसऱ्यात त्यातलेच बारा पण शब्द जरा वेगळे, तसाच सगळा प्रकार आहे. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की नेटवरचा अर्धा गोंधळ आपोआप सुटतो. म्हणून माझा पहिला नियम असा: चरित्राच्या पानापासून सुरू करू नका, वहीपासून करा. कुठलीही साइट उघडली की एवढंच बघायचं, ती तुम्हाला 'हा तुकडा अमुक लायब्ररीतल्या अमुक नंबरच्या वहीत' असं सांगते का. सांगत असेल तर पुढे वाचा. नसेल तर ती कुणाचं तरी वाचून लिहिलेली आहे, आणि त्यानं कुणाचं वाचलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

मोठ्या वह्या दोन. एक लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, एडिशनल ३०३८७ या नंबरखाली, तिच्यात दोनशेहून जास्त तुकडे आहेत आणि मधूनमधून १७१९, प्राग अशा नोंदीही आहेत, त्यामुळे काळ पकडायला फार उपयोगी. दुसरी ड्रेस्डेनला, सॅक्सनीच्या राज्य लायब्ररीत, तिला सगळे एसएलयूबी म्हणतात, तिथला नंबर एमयूएस २८४१-व्ही-१. यात ३४ सोनाटा, म्हणजे तुकड्यांचे संच, त्यांनाच सुइटही म्हणतात. बाकी किरकोळ म्हणाव्यात अशा, पण खरं तर अजिबात किरकोळ नसलेल्या वह्या पॅरिस, वॉर्सा, व्हिएन्ना, मॉस्को, इंग्लंडात हेझलमियर अशा कुठे कुठे पसरल्यात. तुमचा पासाकाय लंडनच्या वहीतला.

आता नंबरांचा घोळ, कारण सगळे पहिल्यांदा तिथेच अडकतात. लंडनच्या वहीत सोनाटा ज्या क्रमानं येतात त्या क्रमानं जुन्या गिटार आवृत्त्यांनी त्यांना रोमन आकड्यात नंबर दिले, त्या हिशोबानं तुमचा पासाकाय सुइट १४ मधला. पुढे डग्लस आल्टन स्मिथ आणि टिम क्रॉफर्ड या दोघांनी सगळ्या वह्यांचा मिळून एक सलग क्रम लावला, त्यात हाच सोनाटा १८ नंबरवर गेला आणि पासाकाय त्यातला सहावा भाग, म्हणून १८.६. म्हणजे दोन्ही पीडीएफ बरोबर आहेत, भांडण नाहीच. असाच दुसरा प्रसिद्ध तुकडा 'लँफिदेल' नावाचा ए मायनर सोनाटा, तो लंडनच्या क्रमानं २३ आणि नव्या क्रमानं २९. सीडीवर एक नंबर, यूट्यूबवर दुसरा, आणि खाली कमेंटमध्ये दोघं एकमेकांना अडाणी म्हणतायत असं मी स्वतः पाहिलंय. नव्या क्रमाच्या आधी एस-सी किंवा वाइस-एसडब्ल्यू अशी अक्षरं लावतात. शोधताना कायम हा नवा नंबर वापरा, नावानं शोधायला गेलात तर 'मेन्युएट' एवढंच टाकून शेकडो निकाल येतील आणि त्यात दिवस जाईल.

मग हा नंबर कुठून मिळवायचा. त्यासाठी एकच साइट पुरते आणि ती म्हणजे एसएलवाइस डॉट डीई, मार्कुस लुत्स यांची. दिसायला जुनाट आहे, पहिल्यांदा उघडली की वाटतं हे २००२ साली करून सोडून दिलंय, पण फसू नका, वाइसबद्दल नेटवर यापेक्षा कामाचं काही मला तरी सापडलेलं नाही. चरित्र आहे, कामांची यादी आहे, कुठला तुकडा कुठल्या कुठल्या वहीत आहे हे आहे, आणि इंग्रजी पानं आहेत त्यामुळे जर्मनची अडचण नाही. तिलाच जोडून पेटर श्टॉयर आणि लुत्स यांनी केलेला बरोक ल्यूटच्या हस्तलिखितांचा एक मोठा डेटाबेस आहे, पत्त्याच्या आधी फक्त एमएमएस नव्हे, एम-एस-एस आणि डॉट लावायचं (मी पहिले दोन महिने चुकीचंच टाइप करत होतो आणि साइट बंद पडली असं समजत होतो). तिथे प्रत्येक तुकड्याची सुरुवातीची एक-दोन मापं टॅबमध्ये, म्हणजे कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची ते दाखवणाऱ्या लेखनात, दिसतात. याचा खरा फायदा काय, तर समजा तुमच्याकडे कुणीतरी फोटोकॉपी दिली, वर नुसतं 'वाइस, गाव्होत' लिहिलंय, तर पहिली दोन मापं जुळवून तो कुठला ते काढता येतं, आणि कधी कधी कळतं की तोच तुकडा दुसऱ्या वहीत दुसऱ्याच माणसाच्या नावावर आहे.

हे दुसऱ्याच्या नावावर असणं नीट समजून घ्या. वही उतरवणारा वर काहीतरी लिहायचा, 'वाइस', 'मोस्यू वेस', 'सिन्योर वाइस', आणि घरात वाइस एक नव्हता. बाप योहान याकोब ल्यूटवाला, धाकटा भाऊ योहान सिगिस्मुंड ल्यूटवाला, बहीण यूलियाना मार्गारेटासुद्धा वाजवायची, पुढे मुलगा योहान आडोल्फ फाउस्टिनुस तोही ड्रेस्डेनच्या दरबारात ल्यूटवर. तेव्हा नुसतं 'वाइस' लिहिलंय म्हणजे आपलाच वाइस असं धरून चालत नाही. आपल्याकडे शेवटी 'तुका म्हणे' आलं म्हणून प्रत्येक अभंग तुकोबांचा ठरत नाही, तसंच.

आणि याच्यावरून ती भन्नाट गोष्ट. विसाव्या शतकात स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया एक ए मायनर सुइट वाइसच्या नावानं वाजवायचा, रेकॉर्डही निघाली, लोकांनी वर्षानुवर्षं ती बरोक म्हणून ऐकली. ती होती मेक्सिकोचा संगीतकार मानुएल पोन्से याची, १९२९ च्या सुमाराला लिहिलेली, सेगोव्हियासाठीच. दोघांनी मिळून केलेली गंमत. बाखचं नाव लावलं असतं तर लगेच पकडले गेले असते म्हणून कमी माहितीतला वाइस निवडला असं सांगतात. गोष्ट कधीच उघडी पडली, पण नेटवर आजही ती सुइट वाइसच्या नावानं फिरते, गिटारच्या फुकट नोटेशनच्या साइटवर तर हमखास. तुम्हाला 'वाइस, सुइट ए मायनर' दिसली तर आधी नंबर बघा. एस-सी नंबर नसेल आणि मधेच सूर जरा जास्तच नव्या वळणाचे वाटत असतील तर समजून जा. संगीत म्हणून मस्तच आहे हं, वाजवायला हरकत नाही, फक्त नाव बरोबर लिहा.

नंबर मिळाला, वही कळली, आता प्रत्यक्ष पान बघायचं. ड्रेस्डेनची वही एसएलयूबीच्या डिजिटल विभागात फुकट बघता येते आणि उतरवून घेता येते, आयएमएसएलपी या फुकट नोटेशनच्या साइटवरही बरंच मिळतं. पॅरिसच्या लायब्ररीचं गॅलिका नावाचं डिजिटल दालन आहे, तिथे थोडं शोधावं लागतं पण स्कॅन चांगले. लंडनच्या बाबतीत जरा सांभाळून, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची ऑनलाइन हस्तलिखितं फार काळ बंद पडली, जुन्या लिंका मेल्या. त्यामुळे कुणाच्या लेखात ब्रिटिश लायब्ररीची लिंक असेल आणि ती उघडत नसेल तर लेखक खोटा असं समजू नका. लंडनच्या वहीसाठी स्मिथ यांनी पेटर्स प्रकाशनाकडून काढलेले संपूर्ण कामांचे पहिले चार खंड हा पक्का आधार, नंतरचं काम क्रॉफर्ड यांनी बेरेनरायटरकडे केलं. ते महाग आहेत आणि त्यांची फुकट फिरणारी पीडीएफ कायदेशीर नाही. वाइस जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली म्हणून त्याचं संगीत सगळ्यांचं झालं, पण कालपरवाच्या संपादकानं केलेली आवृत्ती तशी होत नाही, हा फरक आपल्याकडे कुणी पाळत नाही. आणि काहीही उघडलं की लगेच उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवा, फाइलच्या नावात लायब्ररी, वहीचा नंबर आणि पान लिहून. 'स्कॅन_फायनल_२' अशी नावं दिलीत तर सहा महिन्यांनी रडाल. मी रडलोय.

पान उघडलं की पहिल्यांदा घाबरायला होतं, पण गिटारवाल्याला हे जमतं, खरंच. सहा रेघा, सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात उंच तार, म्हणजे तुमच्या गिटार टॅबसारखंच. फक्त आकड्यांऐवजी अक्षरं. ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, सी म्हणजे दुसरा आणि असं पुढे, मधलं 'जे' (j) हे इंग्रजी अक्षर गाळतात, आय नंतर थेट के. सीची गंमत अशी की ती बहुतेक वेळा सीसारखी दिसतच नाही, छोट्या आरसारखी दिसते, पहिला आठवडा सगळे तिथेच फसतात. वर झेंडे काढलेले असतात ते लयीचे, आणि एक झेंडा आला की पुढचा वेगळा येईपर्यंत तोच चालू. खालच्या बासच्या तारा रेघांच्या खाली लिहितात: सातवी म्हणजे नुसता ए, आठवी म्हणजे एच्या आधी एक तिरकी रेघ, नववीला दोन, दहावीला तीन, आणि अकरावीपासून सरळ आकडे ४, ५, ६.

आता जुळणी गिटारची नाही हे लक्षात ठेवा. वरच्या सहा तारा फा, रे, ला, फा, रे, ला अशा लावतात, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की डी मायनरचा कॉर्डच वाजतो. तुमचा तुकडा डी मेजर, त्यात फा तीव्र हवा, पण पहिली तार मोकळी वाजवली तर शुद्ध फा येतो, म्हणून त्या तारेवर मोकळा ए न येता बी येणार, आणि खालचे बास मात्र राग बदलला की तानपुरा परत लावावा तसे त्या पट्टीला परत लावावे लागतात, आठवी तार फाच्या जागी फा तीव्र, अकरावी दोच्या जागी दो तीव्र. एकूण तारा २४: वरच्या दोन एकेरी, बाकीच्या अकरा जोडीनं. आणि पुण्यात जुलैमध्ये खुंट्या अशा फुगतात की एक फिरवायला गेलं तर जागची हलत नाही आणि हलली की अर्धा स्वर पुढे. माटेसोन नावाच्या त्या काळच्या हॅम्बुर्गच्या लेखकानं टोमणा मारला होता की ऐंशी वर्षांचा ल्यूटवाला भेटला तर त्याची साठ वर्षं जुळवण्यात गेली असणार. टोमणा खोचक आहे, पण पावसाळ्यात मला अजिबात खोटा वाटत नाही.

तारांवरून तारीख कशी काढतात तेही बघा, कारण वहीतूनच इतिहास कसा निघतो ते यात कळतं. वाइसच्या तरुणपणी ल्यूटला ११ जोड्या (वरच्या दोन एकेरी तारा त्यात धरून) असायच्या, पुढे १७१९ च्या आसपास तो १३ जोड्यांचं वाद्य वापरायला लागला. म्हणजे एखाद्या पानावर रेघांखाली ५ किंवा ६ हा आकडा दिसला की तो तुकडा, निदान त्या रूपात तरी, नंतरचा. लंडनच्या वहीत तर मूळ ११ जोड्यांचा तुकडा आणि नंतर कुणीतरी खाली ५-६ घुसवलेत असंही आहे. हे कुठल्याही चरित्राच्या पानावर कळणार नाही, स्कॅन मोठा करून बघितला की शाईचा रंगच सांगतो. त्याच वहीत लोसी नावाच्या बोहेमियातल्या काउंटच्या मृत्यूवर लिहिलेलं तोंबो आहे, म्हणजे शोकगीत समजा, त्याच्या मथळ्यातच १७२१ साल लिहिलंय. नाव मात्र 'लोगी' असं आहे. तुम्ही 'लोसी' टाकून शोधलंत तर अर्धंच सापडेल. स्पेलिंग हा या क्षेत्रातला सगळ्यात मोठा खड्डा आहे, वाइसचंही सिल्वियस कधी आयनं तर कधी वायनं, आडनाव शेवटी दोन एसनं, कधी एकानं, कधी जर्मन ß या अक्षरानं. सगळे प्रकार टाकून बघायचे, रोमन लिपीतच.

आता चरित्राकडे येतो. जन्मसालाचा तुमचा गोंधळ खरं तर फार उपयोगी आहे, मी तो चाळणीसारखा वापरतो. जुनी सगळी पुस्तकं १६८६, ब्रेसलाउ (आजच्या पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) असं सांगायची. १९९० च्या दशकाअखेर फ्रांक लेगल यांचा शोधलेख अमेरिकेच्या ल्यूट सोसायटीच्या जर्नलमध्ये आला आणि त्यानंतर जन्मगाव ग्रोटकाउ, म्हणजे आजच्या पोलंडमधलं ग्रोद्कुफ, आणि तारीख १२ ऑक्टोबर १६८७ असं मानलं जातं. तेव्हा ज्या पानावर १६८६ आहे ते पान पंचवीस वर्षांपूर्वीची माहिती उगाळतंय. पानावर कितीही सुंदर फोटो असोत. मृत्यूबद्दल वाद नाही, १६ ऑक्टोबर १७५०, ड्रेस्डेन, बाख गेला त्याच वर्षी.

मधलं आयुष्य एका दमात सांगतो: तरुणपणी ब्रेसलाउ आणि ड्युसेलडॉर्फकडची नोकरी, १७१० ते १७१४ रोममध्ये पोलंडच्या राजपुत्र अलेक्झांडर सोबिएस्कीच्या पदरी, तिथे राजमातेच्या घरी डोमेनिको स्कार्लात्तीही होता, मग १७१८ पासून मरेपर्यंत ड्रेस्डेनच्या दरबारात, तिथल्या सगळ्यात जास्त पगाराच्या वादकांपैकी एक. व्हिएन्नाहून जास्त पैशाचं बोलावणं आलं तरी गेला नाही. १७३८ मध्ये दरबारातल्या एका अधिकाऱ्याशी खटका उडाला आणि थोडे दिवस चक्क तुरुंगात होता, मग एका वजनदार माणसानं शब्द टाकून सोडवलं.

आणि ते अंगठ्याचं. १७२२ साली पेती नावाच्या एका फ्रेंच व्हायोलिनवाल्यानं त्याचा अंगठा चावून तोडायचा प्रयत्न केला अशी बातमी त्या वेळच्या वर्तमानपत्रात आहे. हे नेटवर जिथे तिथे आहे कारण मसालेदार आहे, आणि गंमत म्हणजे खरंच आधार असलेलं आहे. उलट दुसरी तेवढीच लोकप्रिय गोष्ट, बाख आणि वाइस यांची समोरासमोर बसून फ्यूग (एकच सुरावट आळीपाळीनं सगळ्या आवाजांत फिरवणारी रचना) रचण्याची जुगलबंदी, ती मात्र जपून. ती सांगितली राइखार्ट नावाच्या जर्मन संगीतकार-लेखकानं, १८०५ साली, म्हणजे दोघं जाऊन ५५ वर्षांनी. त्या भेटीचा त्याच वेळचा पुरावा वेगळा आहे: १७३९ मध्ये बाखच्या घरी राहणाऱ्या योहान एलियास बाखनं पत्रात लिहिलंय की वाइस आणि त्याचा शिष्य क्रोप्फगान्स लाइप्झिगला आले आणि घरी छान संगीत झालं. भेट झाली हे पक्कं. जुगलबंदी मात्र पुष्कळ वर्षांनी रंगलेली बखर. दोन्ही गोष्टी तुम्हाला एकाच परिच्छेदात, एकाच खात्रीनं लिहिलेल्या सापडतील, कोण कधी बोललं ते न सांगता, आणि तिथेच साइटची परीक्षा होते.

बाखचा विषय निघालाच आहे तर एक सांगूनच टाकतो. बाखचा म्हणून, त्याच्या कामांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०२५ नंबरचा, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्डचा ए मेजर सुइट आहे, तो लोक वर्षानुवर्षं 'हा बाखसारखा वाटत नाही' म्हणत बाजूला ठेवायचे. १९९० च्या दशकात ड्रेस्डेनच्या वहीशी ताडून बघितलं तर सुरुवातीची फँटासिया सोडून बाकी सगळं वाइसच्या ४७ नंबरच्या सोनाटाचं निघालं, बाखनं वर व्हायोलिन चढवलंय. बाख डिजिटल या साइटवर त्याची नोंद आहे, आणि एसएलयूबीवर वाइसची वही, दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा आणि स्वतः बघा. एका संध्याकाळी मी चहा विसरून दोन तास हेच करत बसलो होतो. जुगलबंदीच्या गोष्टीपेक्षा हे मला जास्त खरं वाटतं, बाखला वाइस आवडायचा याचा पुरावा त्याच्या हातून कागदावर उतरलाय.

मूळ छापील साधनं पाहिजे असतील तर तीन पुरे. एर्न्स्ट गॉटलीब बारोनचं १७२७ चं ल्यूटवरचं पुस्तक, माटेसोनला उत्तर म्हणून लिहिलेलं, वाइसची भरभरून स्तुती आहे त्यात. वाल्थरचा १७३२ चा संगीतकोश. आणि सॅक्सनी दरबाराची वार्षिक पंचांगं, म्हणजे हॉफ उंड श्टाट्सकालेंडर, १७२८ पासून, त्यात नोकरांच्या याद्या असतात, वाजवणारेसुद्धा. सगळं स्कॅन होऊन नेटवर आहे. अक्षर फ्राक्टूर, म्हणजे ती कोयत्यासारखी टोकदार जर्मन छपाई, आणि त्यात लांब एस अगदी एफसारखा दिसतो. मोडी ज्यांनी थोडी जरी वाचली असेल त्यांना यात फार नवल वाटणार नाही, सवयीचा प्रश्न आहे, दोन दिवसांत डोळा बसतो. तोपर्यंत मोबाइलनं फोटो काढून मजकूर ओळखायला लावा आणि तो मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, सत्तर-ऐंशी टक्के तरी अर्थ लागतो. फक्त नावं आणि आकडे मूळ पानावरूनच घ्या, ॲप 'वाइस' या आडनावाचं भाषांतर 'पांढरा' करून मोकळं होतं, कारण जर्मनमध्ये त्या शब्दाचा तोच अर्थ आहे. 'श्री. पांढरे यांनी ल्यूट वाजवला' असं वाचून मी आणि माझी एक विद्यार्थिनी पोट धरून हसलो होतो.

चॅटबॉटला विचारू का, असंही तुम्ही म्हणालात. विचारा, पण नंबर घेऊ नका. मला एकानं इतक्या आत्मविश्वासानं एका मेन्युएटचा वहीतला पान क्रमांक दिला की मी शहाण्यासारखा स्कॅन उघडून बघायला गेलो, त्या पानावर वेगळाच तुकडा, आणि पट्टीही वेगळी.

ऐकण्यासाठी रॉबर्ट बार्टो यांच्या नॅक्सॉसवरच्या ११ सीडी आहेत, नंबर नव्या पद्धतीचे, त्यामुळे शोधायला सोपं. मिशेल कार्डिन यांनी लंडनची अख्खी वही रेकॉर्ड केलीय आणि त्या वहीवर त्यांचं लिखाणही नेटवर आहे, वाजवणाऱ्याच्या नजरेनं लिहिलेलं, ते जरूर वाचा, सगळी मतं पटतील असं नाही. याकोब लिंडबेर्ग यांची वाइसची रेकॉर्ड १५९० च्या आसपासच्या जुन्या राउव्होल्फ ल्यूटवर आहे, तो आवाज हेडफोन लावून एकदा ऐका. यूट्यूबवर गिटारवरचे पासाकाय पन्नास मिळतील, पण आधी ल्यूटवरचा ऐका, कारण बास मोकळ्या तारांवर कसा घुमत राहतो ते गिटारवर कळत नाही, आणि हा तुकडा उभाच बासवर आहे: तबल्याच्या सोलोत लेहरा फिरत राहतो आणि वर कायदा, रेला उलगडतो तसं, खाली तेच, वर दरवेळी नवं.

टाइप केलेला टॅब हवा असेल तर सार्ज गर्बोडे यांच्या साइटवर ल्यूट संगीताचा डोंगर आहे, पीडीएफ आणि मिडीसकट, फुकट. फार मोठं काम आहे ते. पण टाइप केलेलं आहे, त्यामुळे शंका आली तर परत वही. माझ्या गिटार आवृत्तीत एका ठिकाणी बास वरच्या सप्तकात ढकललाय हे मला वही बघितल्यावरच कळलं, गिटारला तेवढा खाली स्वर नाही म्हणून संपादकानं ते केलं, चूक नाही, पण सांगायला हवं होतं. तुम्ही सहावी तार रे ला उतरवूनच वाजवत असाल, तरी त्याच्या खालचे स्वर गिटारवर नाहीतच, तेव्हा तुमच्या पीडीएफमध्ये कुठे कुठे उड्या मारल्यात ते एकदा ताडून बघा, वाजवताना वाक्य तुटल्यासारखं वाटतं त्या जागा बहुतेक याच असतात.

पत्रिकेत 'ड्रेस्डेन दरबारात लिहिलेला तुकडा' असं घालू नका, तुमच्या सरांनी सांगितलं असलं तरी, तो आपल्याला लंडनच्या वहीतून मिळालाय एवढंच ठाम म्हणता येतं. बाखबरोबरची जुगलबंदीही नको. अंगठा हवा तर घाला, लोक जागे राहतील. आणि तुकड्याच्या नावाची ओळ मी लिहिली असती तर अशी: सिल्वियस लेओपोल्ड वाइस, १६८७ ते १७५०, पासाकाय, डी मेजर, सोनाटा १८ मधून, मूळ बरोक ल्यूटसाठी, लंडन हस्तलिखितात सुइट १४. खाली बारीक अक्षरात गिटारचं रूपांतर कुणी केलं त्याचं नाव, ते तुमच्या पीडीएफच्या पहिल्या पानावर उजवीकडे वर असतं, बहुतेक लोक झेरॉक्स काढताना तेवढाच कोपरा कापतात.